गरोदरपणात हाताला मुंग्या : मनगटाचा पट्टा घ्यायला येताना हातही आणा

नागपुरात धंतोलीतल्या आमच्या दुकानात कमरेचे बेल्ट, गुडघ्याचे पट्टे, वॉकर, कमोड खुर्च्या असं बरंच काही मिळतं. पण बदलून मागायला लोक सगळ्यात जास्त येतात ते मनगटाच्या पट्ट्यासाठी. त्यातही बहुतेक पट्टे गरोदर बायकांसाठी नेलेले असतात आणि न्यायला आलेले असतात त्यांचे यजमान, दीर किंवा सासरे. गाडी बाहेर चालूच असते. "मनगटाचा पट्टा द्या, मिडियम." कोणत्या हाताचा, विचारलं की घरी फोन लागतो. मनगट केवढं आहे, याचं उत्तर बहुधा "नॉर्मलच आहे" असं येतं. पट्टा घरी जातो, दोन-चार रात्री वापरला जातो आणि "काही फरक नाही" म्हणून परत येतो. आम्ही वापरलेला पट्टा परत घेत नाही, मग दोन्हीकडून नाराजी. हे टळावं म्हणून हे माहितीपत्रक.

मुंग्या कुठे येतात

तळहाताच्या मुळाशी, मनगटाच्या आतल्या बाजूला एक अरुंद बोगदा असतो. तीन बाजूंना मनगटाची ८ छोटी हाडं आणि वरून एक जाड, न ताणला जाणारा पडदा. या बोगद्यातून बोटं मिटणाऱ्या ९ दोऱ्या आणि एक नस जाते. या नसेला डॉक्टर मीडियन नर्व्ह म्हणतात. गरोदरपणात, विशेषतः सातव्या महिन्यापासून पुढे, अंगात पाणी साठतं. पाय सुजलेले डोळ्यांना दिसतात, बोगद्यातली सूज दिसत नाही. हाडं सरकत नाहीत, पडदा ताणत नाही, म्हणून सगळा दाब त्या नसेवर येतो. यालाच कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. गरोदर बायकांमध्ये हा त्रास पुष्कळदा दोन्ही हातांना होतो.

ही नस अंगठा, त्याशेजारचं बोट, मधलं बोट आणि अनामिकेचा अंगठ्याकडचा अर्धा भाग एवढ्यालाच संवेदना देते. करंगळीचा तिच्याशी संबंध नाही. म्हणून आमच्याकडे पट्टा बसवून देणाऱ्या ताई पहिला प्रश्न करंगळीचा विचारतात. बऱ्याच जणी आधी "सगळा हातच सुन्न पडतो" असं सांगतात. रात्री जाग येईल तेव्हा दिवा लावून एकेक बोट चाचपून बघा. करंगळी शाबूत असेल तर आपण याच त्रासाबद्दल बोलतोय असं समजायला जागा आहे. मुंग्या फक्त करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटातच असतील तर दाब बहुधा कोपराशी असतो, तिथे मनगटाचा पट्टा काम करत नाही. मानेपासून कळ खाली उतरत असेल किंवा हातांबरोबर पायांनाही मुंग्या येत असतील, तर पट्टा घेऊच नका, आधी डॉक्टरांना सांगा. बी-१२ कमी असलं, साखर वाढलेली असली, थायरॉइडचा त्रास असला तरी मुंग्या येतात आणि त्या पट्ट्याने जात नाहीत.

रात्रीच का वाढतं

झोपेत आपण मनगट दुमडून, हात उशीखाली किंवा गालाखाली घेऊन झोपतो. मनगट आत दुमडलं की बोगद्यातला दाब वाढतो, मागे वाकवलं तरी वाढतो. हात सरळ असतो तेव्हाच तो सगळ्यात कमी. त्यात दिवसभर पायांत उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर वर सरकतं. म्हणून पहाटे दोन-तीनला जाग येते, हात झटकावा लागतो, पलंगाखाली लोंबकळत सोडावा लागतो. हे ज्यांना होतं त्यांना आणखी काही समजावून सांगावं लागत नाही.

म्हणून हा पट्टा मुख्यतः रात्री घालायचा असतो. पुष्कळ जणी दिवसभर घालतात आणि झोपताना "टोचतो" म्हणून काढून ठेवतात. मग ज्या वेळी मनगट दुमडतं त्याच वेळी त्याला आधार नसतो. दिवसा पट्टा लावून पोळ्या लाटता येत नाहीत, आणि कणीक मळली की पट्ट्याचं फडकं होतं. दिवसा तो घालायचा असेल तर ज्या कामात मनगट वाकतं तेवढ्यापुरता घाला : गाडी चालवताना, मिहानमध्ये नोकरी असेल तर संगणकासमोर, झोपून मोबाइल धरताना. मोबाइल शक्यतो धरूच नका, तो उशीला टेकवून ठेवा.

आम्ही हात बघायला का मागतो

आता मुख्य गोष्ट. डब्यातून निघणाऱ्या बहुतेक मनगटाच्या पट्ट्यांत आतल्या बाजूला अॅल्युमिनियमची एक पट्टी असते. ती कारखान्यातूनच मागे वाकवलेली येते, साधारण २० ते ३० अंश. हाड मोडल्यानंतर किंवा हात लुळा पडल्यावर तो कोन उपयोगाचा असतो, हाताची पकड चांगली राहते. पण नसेवरचा दाब कमी करायचा असेल तर मनगट जवळजवळ सरळ हवं. म्हणजे डब्यातून काढला तसाच बांधला तर पट्टा रात्रभर मनगट चुकीच्या बाजूला वाकवून धरतो. मग मुंग्या तशाच राहतात, कधी वाढतात, आणि घरात निष्कर्ष निघतो की पट्टे-बिट्टे सगळं फुकट आहे.

ती पट्टी पट्ट्याच्या आतल्या खिशातून बाहेर काढता येते आणि हाताने वाकवून सरळ करता येते. आमच्याकडे हे काम ताई करतात. त्या पेशंटचा हात टेबलावर ठेवतात, पट्टी त्या हाताच्या चढ-उतारांप्रमाणे बसवतात आणि पुन्हा खिशात घालतात. दहा मिनिटं लागतात, त्याचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही. पण त्यासाठी हात समोर लागतो. यजमानांचा हात मापाला चालत नाही. तसा आग्रह अनेकांनी धरला आहे, आणि प्रत्येक वेळी पट्टा परत आला आहे.

दुसरं, लांबी. पट्टा तळहाताच्या मधल्या रेघेच्या अलीकडे संपला पाहिजे, म्हणजे पाचही बोटं मुठीत पूर्ण मिटतात. एक माप मोठा घेतला की तो बोटांच्या मुळापर्यंत जातो, बोटं आखडतात आणि सकाळी हात जास्त सुजलेला दिसतो.

तिसरं, अंगठा. अंगठ्याच्या बाजूला मनगटावर कळ येते, बाळ उचलताना जीव जातो, मुंग्या मात्र नाहीत, असा एक वेगळा त्रास नव्या बाळंतिणींना होतो. त्याला अंगठा धरणारा पट्टा लागतो. दिसायला दोन्ही सारखेच आणि औषधाच्या दुकानात दोन्ही शेजारी टांगलेले असतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर काय लिहिलंय ते दाखवाच. चिठ्ठी नसेल तर आम्ही आधी डॉक्टरांना भेटून या असं सांगतो. गिऱ्हाईक परत पाठवायची हौस आम्हाला नाही. पण गरोदर बाईच्या बाबतीत अंदाजाने वस्तू देणं आम्हाला पटत नाही.

वापरलेला परत न घेण्याचंही कारण सांगतो. आत घाम मुरलेला असतो, त्वचेला लागलेलं तेल-मलम असतं. तो झटकून पुन्हा डब्यात घातला तर पुढच्या बाईच्या हाताला जाईल. न वापरलेला, बिलासकट आणला तर आम्ही विनातक्रार बदलून देतो.

येणं शक्य नसेल तर

डॉक्टरांनी आराम सांगितलाय, नववा लागलाय किंवा पहिलटकरीण माहेरी आहे, वर्धा, भंडारा, यवतमाळ, कुठेही. अशा वेळी शिंप्याच्या टेपने मनगटाचा घेर मोजा. करंगळीकडे जे हाड वर आलेलं दिसतं त्याच्या लगेच पुढे, टेप न आवळता. सकाळी नाही, संध्याकाळी मोजा, कारण सूज संध्याकाळी जास्त असते. कोणता हात ते लिहा. दोन्ही असतील तर ज्याने झोपमोड जास्त होते तो आधी. तळहाताचा एक आणि बाजूने एक फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवा. आम्ही पट्टी सरळ करून देतो आणि घालताना बघायला व्हिडिओ कॉलवर ताई असतात. हे दुकानात येण्याइतकं अचूक होत नाही, पण नुसत्या "मिडियम"पेक्षा पुष्कळ बरं.

दोन्ही हातांना त्रास असला तरी एकदम दोन घेऊ नका. आधी एकच पट्टा आठवडाभर वापरून बघा, मग दुसरा. दोन्ही हात बांधून रात्री बाथरूमला जाणं, पाणी पिणं अवघड होतं. आमची विक्री कमी होते हे खरं, पण दुसरा पट्टा कपाटात पडून राहण्यापेक्षा बरं.

घालायची पद्धत

वेलक्रोखाली एक बोट सहज गेलं पाहिजे. घट्ट बांधलं की लवकर बरं होतं, हा समज आम्ही रोज खोडून काढतो. सुजलेल्या हातावर घट्ट पट्टा म्हणजे बाहेरून आणखी दाब. क्रेप बँडेज गुंडाळणंही तसंच, त्याने मनगट सरळ राहत नाही, नुसतं आवळलं जातं. नागपूरच्या मे महिन्यात कूलर लावूनही हाताला घाम येतो. जुन्या सुती मोज्याचा पाय कापून त्याची नळी आत घाला आणि रोज धुवा. पट्टा थंड पाण्यात, साध्या साबणाने. आतली पट्टी धुण्याआधी काढा आणि परत घालताना ती उलटी होणार नाही हे बघा, नाहीतर सरळ केलेला कोन वाया जातो.

बांगड्यांबद्दल स्पष्टच लिहितो. डोहाळजेवणाला हिरव्या बांगड्या भरतात, हौसेने डझनभर, आणि मापही नेमकं बसणारं. चार आठवड्यांनी हात सुजतो, बांगड्या मनगटात रुततात आणि काढायचं कोणी मनावर घेत नाही. एक माप मोठ्या भरा. रात्री पट्टा घालताना त्या हातातल्या उतरवा, दुसऱ्या हातात राहू द्या. घरातल्या मोठ्यांना हे सांगायला सुनेला अवघड जातं, म्हणून हा कागद त्यांच्या हाती द्या. अंगठ्या सातव्या महिन्यातच काढून ठेवा.

रात्री हात शेजारच्या उशीवर थोडा उंच ठेवा. बोटं हळू मिटा-उघडा. जोराने ताण देणारे व्यायाम व्हिडिओत बघून करू नका. दुखण्याच्या गोळ्या, मलमं आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दुकानातून परस्पर घेऊ नका. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारखी औषधं पाचव्या महिन्यानंतर बाळाला त्रासदायक ठरू शकतात. आमच्याकडे मलमं आहेत, गरोदर बाईसाठी आम्ही ती देत नाही.

तातडीने डॉक्टरांकडे कधी

हात आणि चेहरा एकाएकी सुजला, सोबत डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे चमकतं किंवा अंधुक दिसतं, छातीखाली पोटात दुखतं : हे रक्तदाब वाढल्याचं लक्षण असू शकतं. त्याच दिवशी, रात्र असली तरी, जिथे नाव नोंदवलंय तिथे जा. रक्तदाब १४०/९० किंवा त्यापुढे असेल तर थांबू नका. डागा, मेयो, मेडिकल, यांपैकी जे सरकारी रुग्णालय जवळ पडेल ते. पट्ट्याचं नंतर बघू.

हातातून कप निसटतो, ब्लाउजचं हुक लागत नाही, अंगठ्याच्या मुळाशी मांस उतरल्यासारखं दिसतं किंवा बधिरपणा चोवीस तास राहतो, तरीही पट्ट्यावर विसंबू नका. नसेची तपासणी करायची का, इंजेक्शन द्यायचं का, हे डॉक्टर ठरवतील. ४ ते ६ आठवडे नीट वापरूनही फरक नसेल तर पुन्हा त्यांना दाखवा. काही हातांना तयार पट्टा बसतच नाही. मेडिकलमध्ये ऑक्युपेशनल थेरपीचा जुना विभाग आहे, तिथले लोक हातावर बसेल असा साचा करून देण्यात तरबेज असतात. आम्ही स्वतः तिकडे पेशंट पाठवतो.

बाळंतपणानंतर

बहुतेकींचा त्रास बाळंतपणानंतर काही आठवड्यांत ओसरतो, काहींना काही महिने लागतात. अंगावर पाजणं चालू असेपर्यंत थोडा राहिला तरी घाबरायचं कारण नाही. पाजताना बाळाचं डोकं मनगटाच्या जोरावर पेलू नका. मांडीवर उशी घ्या, भार कोपराच्या वळणावर येऊ द्या. त्या दिवसांत हात दमलेला वाटला की रात्री पट्टा पुन्हा घाला. सूज उतरल्यावर तो सैल होतो, तेव्हा एकदा दुकानात आणा, पट्टी नव्याने बसवून देतो, त्याचेही पैसे नाहीत.

येताना चिठ्ठी, चालू औषधांची यादी आणि सोबत एक माणूस असू द्या. संध्याकाळी पाचनंतर या, सूज तेव्हा खरी कळते आणि ताईही तेव्हा मोकळ्या असतात. दुकान तळमजल्यावर आहे, पायऱ्या नाहीत, बसायला पाठीच्या खुर्च्या आहेत.