128, 94 आणि मधला 111

विदर्भातल्या पालकांच्या हाती पडणारा मुलाच्या बुद्धिचाचणीचा अहवाल बऱ्याचदा मिसिकचा, म्हणजे मालिन यांच्या भारतीय मुलांसाठीच्या बुद्धिचाचणीचा असतो. 1949 ची अमेरिकी कसोटी भारतीय मुलांसाठी बेतून 1969 मध्ये ती नागपुरातच उभी राहिली. सहा शाब्दिक उपचाचण्या, पाच कृतीच्या, वय 6 ते 15. पॅरिसच्या 1905 च्या कसोटीची पुढची मराठी-कानडी रूपांतरे एकच आकडा देत. त्यामुळे गुणांतल्या तफावतीची चर्चा खरी सुरू झाली ती 1939 नंतर, शाब्दिक आणि कृती असे दोन बुद्ध्यंक वेगळे मांडले गेल्यावर.

घोळ आहे तो 'एकूण बुद्ध्यंक' या शब्दात. मिसिकमध्ये तो साध्या सरासरीने निघतो. शाब्दिक 128, कृती 94, म्हणून एकूण 111. अहवालाच्या तळाशी ठळक अक्षरांत 111 छापला जातो, शाळा 'मूल बरं आहे' म्हणून फाइल मिटते आणि 128 ची भूक व 94 ची अडचण दोन्ही त्यातच राहतात. सरासरीची आणखी एक खोट आहे. प्रत्येक उपचाचणीत 130 मिळवणारे मूल एखाद्याच चाचणीत 130 मिळवणाऱ्यापेक्षा कितीतरी विरळ. मूळ अमेरिकी कसोटीत बेरजेवरून तक्ता पाहतात, तिथे त्याचा आकडा वर चढतो. सरासरीत तो 130 वरच थांबतो.

2003 मध्ये अमेरिकी कसोटीने दोन बुद्ध्यंक सोडून चार निर्देशांक घेतले: भाषा, आकृतींवरचा विचार, स्मरण आणि वेग. त्यांत 23 किंवा त्याहून जास्त गुणांचे अंतर असेल तर एकूण आकड्यावर भिस्त ठेवू नये, असा मतप्रवाह आला. तल्लख मुलांसाठी स्मरण व वेग वगळून 'सामान्य क्षमता' पाहावी, ही शिफारस 2008 ची. विरोधक म्हणतात, अंतर असले तरी शालेय यशाचा अंदाज एकूण आकड्यावरूनच चांगला येतो. अंदाजापुरते ते पटते. उद्या वर्गात या मुलाला काय द्यायचे, हे मात्र त्यातून कळत नाही.

आपल्याकडे तफावतीची कारणे आधी घरात शोधावी लागतात. मेळघाटात घरी कोरकू, यवतमाळकडे कोलामी-गोंडी, बाकी बऱ्याच ठिकाणी वऱ्हाडी. 'वावर', 'पऱ्हाटी', 'बंडी' म्हणणारे मूल पुस्तकी शब्दार्थाला अडखळते आणि ठोकळ्यांची नक्षी झरझर लावते. याच्या उलटही घडते. मोठ्यांसारखी उत्तरे देणारे सहा वर्षांचे पोट्टे चिन्हे भरताना मागे पडते, कारण बोटांना पेन्सिलची सवय नसते. तो वेग विचारांचा नसून हाताचा असतो.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन-लेखन-गणितातली विशिष्ट अडचण, आली. तिच्या तपासणीच्या 2018 मधील सूचनांत मिसिकचे नाव होते आणि पुढच्या पायरीसाठी बुद्ध्यंक 85 च्या वर हवा होता. घरी कोरकू बोलणाऱ्या मुलाला कृतीत 106 आणि शाब्दिकमध्ये 62 मिळाले, तर सरासरी येते 84.