दाव्याला बांधलेलं तांबं

‘उत्प्रेरक अभिक्रियेचा वेग वाढवतो, पण स्वतः अभिक्रियेत भाग घेत नाही.’ हे वाक्य शाळेत घोकलं की गुण मिळतात, म्हणून ते जन्मभर डोक्यात राहतं. त्याचा पहिला भाग बरोबर आहे, दुसरा साफ चूक. उत्प्रेरक अभिक्रियेत पुरेपूर भाग घेतो. इलेक्ट्रॉन घेतो, देतो, बंध जोडतो, तोडतो. फक्त शेवटी पुन्हा मूळ रूपात येतो. घन उत्प्रेरकांबद्दल आणखी एक समजूत तर जाणकारांमध्येही होती: त्यातले कामाचे अणू जागच्या जागी ठाण मांडून असतात आणि वायूचे रेणू त्यांच्यापाशी येतात. झिओलाइटमधल्या तांब्याने ही समजूत मोडीत काढली.

झिओलाइट म्हणजे सिलिकॉन, ॲल्युमिनिअम आणि ऑक्सिजन यांची स्फटिकी जाळी. आत एकसारख्या मापाच्या पोकळ्या आणि त्यांना जोडणाऱ्या खिडक्या. जाळीत सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनिअम आला की तिथे एक ऋणप्रभार उरतो आणि तो फेडायला एखादा धन आयन लागतो. ती जागा तांब्यालाही मिळू शकते. डिझेल गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये 2010 च्या सुमारास जो तांबं भरलेला झिओलाइट रुजला, त्याचं नाव एसएसझेड-13. त्याच्या खिडकीची रुंदी जेमतेम 0.38 नॅनोमीटर.

त्याचं काम धुरातल्या नायट्रिक ऑक्साइडचा निकाल लावणं. युरियाच्या द्रावणाची फवारणी होते, युरियापासून अमोनिया बनतो. मग नायट्रिक ऑक्साइडचे चार रेणू, अमोनियाचे चार आणि ऑक्सिजनचा एक, यांतून नायट्रोजनचे चार आणि पाण्याचे सहा रेणू निघतात. प्रत्येक नायट्रोजन रेणूतला एक अणू नायट्रिक ऑक्साइडचा असतो, दुसरा अमोनियाचा. हिशेब चोख आहे.

तांबं या चक्रात दोन रूपांत फिरतं. दोन धनप्रभारांचा आयन एक इलेक्ट्रॉन घेतो आणि एका प्रभाराचा होतो, हे झालं क्षपण. नायट्रिक ऑक्साइड आणि अमोनिया मिळून ते करवतात, आणि त्यासाठी तांब्याचा एकटा आयन पुरतो. घोडं अडतं ते परतीच्या वाटेवर. आता ऑक्सिजनने हे तांबं पुन्हा दोन प्रभारांचं करायचं आहे. पण ऑक्सिजनच्या रेणूचं पूर्ण क्षपण व्हायला चार इलेक्ट्रॉन लागतात, आणि तांब्याच्या एका आयनाकडे द्यायला आहे एकच. एकट्याला हा रेणू पेलवत नाही. दोन आयनांनी तो मध्ये धरला तर जमतं. पण हे दोघे तर वेगवेगळ्या पोकळ्यांत!

इथे अमोनिया दुसरं काम करतो, आणि मला या साऱ्या रसायनात तेच सगळ्यात सुंदर वाटतं. एका प्रभाराच्या तांब्याला दोन्ही बाजूंनी अमोनियाचा एकेक रेणू चिकटतो. नायट्रोजन, तांबं, नायट्रोजन अशी सरळ रेघ तयार होते आणि जाळीच्या ऑक्सिजनवरची तांब्याची पकड सुटते. तांबं हिंडू लागतं. मात्र मोकाट नाही. त्याचा धनप्रभार ॲल्युमिनिअमपाशी असलेल्या ऋणप्रभाराकडे ओढला जातोच. दाव्याला बांधलेलं जनावर खुंट्याभोवती दावं पोचेल तिथवरच चरतं, तसं. या दाव्याची लांबी साधारण 0.9 नॅनोमीटर. खिडकीतून शेजारच्या पोकळीत शिरायला तेवढी पुरते. तिथे दुसरं तांबं गाठ पडलं की दोघांमध्ये ऑक्सिजन सापडतो आणि दोघांचं ऑक्सिडीकरण होतं.

ही कल्पना हवेतली नाही. 2017 मध्ये अमेरिकेतल्या नोट्र डेम आणि पर्ड्यू विद्यापीठांतल्या संशोधकांनी इतर सहकाऱ्यांसह ती दाखवून दिली. आधी नमुन्यातलं तांबं एका प्रभारावर आणलं. मग बाकीचे वायू बंद करून फक्त ऑक्सिजन सोडला आणि क्ष-किरणांच्या शोषणावरून तांब्याची अवस्था पाहत राहिले. शोषणाच्या आलेखात एका प्रभाराच्या तांब्याची खूण असलेलं शिखर खाली येऊ लागलं, आणि मध्येच थांबलं. ऑक्सिजन मुबलक असूनही काही तांबं बधलंच नाही. तांबं जितकं विरळ, तितकं हे न बधणारं प्रमाण जास्त. ज्यांच्या दाव्याच्या टप्प्यात कुणी शेजारी नव्हता, ते हे आयन. अभिक्रियेचा वेगही तेच सांगतो: विरळ नमुन्यांत तो तांब्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे तांबं दुप्पट केलं की वेग चौपट.

तापमान चढलं की अमोनिया सुटून जातो आणि तांबं पुन्हा जाळीला चिकटतं. म्हणून काही परिस्थितींत 350 अंश सेल्सिअसच्या आसपास या उत्प्रेरकाची कामगिरी खाली येते आणि आणखी तापवल्यावर वेगळ्या मार्गाने परत चढते.

ही सगळी करामत जाळी, प्रभार आणि अमोनिया यांच्या संगतीची आहे. तांब्याच्या अंगी काही गूढ गुण आहे म्हणून हे घडत नाही. ‘आयन’ शब्द वापरून सांधेदुखीवर तांब्याची कडी विकणाऱ्यांच्या हाती यातून काही लागणार नाही. नियंत्रित चाचण्यांत त्या कड्यांचा फायदा दिसलेला नाही.

तांब्याच्या जोडीचं दुसरं गाजलेलं काम म्हणजे नैसर्गिक वायूतल्या मिथेनचं मिथेनॉल करणं. मिथेनमधला कार्बन-हायड्रोजन बंध तोडायला दर मोलला सुमारे 439 किलोज्यूल लागतात. झेडएसएम-5 या झिओलाइटमधली तांबं-ऑक्सिजन-तांबं अशी जोडी 200 अंशांच्याही खाली ते काम करते, हे 2005 पासून माहीत आहे. तेव्हापासून ‘नैसर्गिक वायूचं थेट द्रव इंधन’ अशा बातम्या अधूनमधून येतात. त्यांत एक गोष्ट बहुधा गाळलेली असते. तयार झालेलं मिथेनॉल पोकळीतच चिकटून बसतं. ते पाण्याने किंवा वाफेने धुऊन काढावं लागतं. मग ओला झालेला झिओलाइट वाळवून ऑक्सिजनमध्ये साडेचारशे अंशांपर्यंत तापवायचा, पुन्हा थंड करायचा, आणि मग पुढची खेप. एका खेपेत तांब्याच्या दोन आयनांमागे फार तर मिथेनॉलचा एक रेणू हाती येतो.