परमुलखातला सामना आणि मराठवाड्यातून निघणारी वाट

31 जुलै 1948 रोजी लंडनच्या पूर्वेला इलफर्डमध्ये ऑलिंपिकचा एक सामना झाला, भारत विरुद्ध फ्रान्स. स्वतंत्र भारताच्या फुटबॉल संघाचा हा पहिला आंतरराष्ट्रीय सामना. बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले. दोन पेनल्टी वाया गेल्या, सारंगपाणी रामननं एक गोल केला आणि अगदी शेवटाला फ्रान्सनं सामना 2-1 असा नेला. त्या दिवशी औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे जिल्हे निजामाच्या राज्यात होते. मुक्तिसंग्राम ऐन भरात होता, रझाकारांच्या धाकानं माणसं सरहद्द ओलांडून जात होती. मुक्तीचा 17 सप्टेंबर उजाडायला अजून दीड महिना होता. भारत पहिल्यांदा परदेशात खेळायला उतरला तेव्हा मराठवाडा त्या भारतात आलेलाच नव्हता.

आज छत्रपती संभाजीनगरात, लातुरात, नांदेडात युरोपातल्या क्लबांच्या जर्स्या घातलेली पोरं दिसतात. थंडीच्या दिवसांत चॅम्पियन्स लीगचा सामना आपल्याकडं रात्री दीडला सुरू होतो, तरी घरोघरी मोबाइलचे पडदे उजळलेले असतात. टीव्हीवर स्टेडियमच्या एका कोपऱ्यात पाहुण्या संघाचे चाहते दिसतात. चार-पाच हजार माणसं, भोवती पोलीस, आणि गळा मात्र सगळ्या मैदानाला पुरेल एवढा. आपणही कधीतरी तिथं उभं राहावं, असं ते दृश्य पाहून वाटतंच. तो कोपरा कसा तयार झाला आणि तिथवर कोण पोचू शकलं, याचा इतिहास नुसत्या वेडाचा नाही. खिशात किती परकीय चलन नेता येतं, सरहद्दीवर कोण अडवतं, गाडी कुठं बदलावी लागते, या गोष्टींनी तो घडवला आहे.

आधी आपल्या बाजूचं पाहू. मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता आणि हैदराबाद तेव्हा देशातल्या फुटबॉलचं एक मोठं ठाणं होतं. सय्यद अब्दुल रहीम यांनी घडवलेल्या हैदराबाद सिटी पोलीस संघानं 1950 ते 1954 अशी सलग 5 वर्षं मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. परभणी-जालन्याच्या माणसासाठी हा स्वतःच्या राज्याचा संघ होता आणि त्याचे सर्वात गाजलेले विजय परक्या राज्यात, मुंबईच्या कूपरेज मैदानावर होत होते. तिथं जायचं तर निजामाच्या काळात, 1900 च्या सुमारास झालेला मीटरगेज रूळ मनमाडपर्यंत, मग तिथं उतरून ब्रॉडगेजची गाडी. मराठवाड्याच्या दोन-तीन पिढ्यांनी मुंबईचा प्रवास असाच केला आहे, मनमाडच्या फलाटावर सामान डोक्यावर घेऊन. परदेश तर दूरच राहिला, दुसऱ्या राज्यातल्या सामन्यालाही ही तंगडतोड होती.

1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्य पुनर्रचना झाली आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. बरोबर एका महिन्यानं, 1 डिसेंबरला, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारतानं यजमान ऑस्ट्रेलियाला 4-2 असं हरवलं. मुंबईच्या नेव्हिल डिसूझानं 3 गोल केले. संघाचे प्रशिक्षक होते तेच रहीमसाहेब, आणि अझीझुद्दीन, नूर मोहम्मद, तुळसीदास बलराम असे हैदराबादी फुटबॉलचे खेळाडू संघात होते. भारत चौथा आला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये त्याहून वर आपण आजवर गेलेलो नाही. ज्या राज्याच्या मातीत तो संघ घडला ते राज्यच महिनाभरापूर्वी विभागलं गेलं होतं. मला हा योग फार चटका लावतो, कारण फुटबॉलशी मराठवाड्याचं जे जुनं नातं होतं ते त्या पुनर्रचनेनंतर हळूहळू विरत गेलं. हैदराबादचा संघ आपला म्हणायचं कारण उरलं नाही आणि मुंबईच्या फुटबॉलमध्ये आपलं कुणी नव्हतं.

परक्या मैदानावर एकट्यानं खेळणं म्हणजे काय, हे 1962 च्या जकार्तानं दाखवलं. आशियाई खेळांच्या त्या वेळी इंडोनेशियानं इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला होता. ऑलिंपिक समितीवरचे भारतीय सदस्य गुरुदत्त सोंधी यांनी त्यावर आक्षेप घेतला आणि यजमान देशात भारताविरुद्ध संताप उसळला. भारतीय दूतावासावर जमाव चालून गेला. 4 सप्टेंबरला अंतिम सामन्यात दक्षिण कोरियापुढं भारत उतरला तेव्हा लाखभर प्रेक्षकांचं ते स्टेडियम भारताला हुर्यो करत होतं. पी. के. बॅनर्जी आणि डोक्याला टाके पडलेला जर्नैल सिंग यांनी गोल केले, भारत 2-1 नं जिंकला. गर्दीत भारतासाठी ओरडणारे होते ते पाकिस्तानच्या हॉकी संघाचे खेळाडू, असं भारतीय संघातल्यांनी पुढं सांगितलं. रहीमसाहेब तेव्हा कर्करोगानं आजारी होते. पुढच्याच वर्षी ते गेले.

मग भारतीय चाहते तिथं का नव्हते? वेड कमी नव्हतं, कोलकात्यात तर नव्हतंच नव्हतं. पण तो परकीय चलनाच्या दुष्काळाचा काळ होता. पुढं 1970 च्या आसपास तर देशाबाहेर जाणाऱ्याला जेमतेम 8 डॉलर हातात मिळत. कुणाचा तरी आश्रय असल्याशिवाय सामान्य माणसानं परदेशात सामना पाहायला जाणं व्यवहारात अशक्य होतं.

युरोपात याच काळात उलट वारं वाहत होतं. युरोपियन कप, म्हणजे आजची चॅम्पियन्स लीग, 1955 मध्ये सुरू झाला. विजेच्या झोतात आठवड्याच्या मधल्या रात्री सामने खेळवता येऊ लागले आणि विमानानं संघ जाऊन-येऊन करू लागले. त्याची किंमतही लवकरच कळली. 6 फेब्रुवारी 1958 रोजी बेलग्रेडहून परतताना मँचेस्टर युनायटेडचं विमान म्युनिकहून उड्डाण घेताना कोसळलं, 23 जणांचा जीव गेला, त्यात 8 खेळाडू होते. चाहते अजून फारसे निघाले नव्हते. ते निघाले 1967 मध्ये.

त्या वर्षी 25 मे रोजी स्कॉटलंडचा सेल्टिक संघ लिस्बनमध्ये इटलीच्या इंटर मिलानशी अंतिम सामना खेळणार होता. ग्लासगोहून हजारो माणसं निघाली. काही विमानानं, काही रेल्वेनं आणि कित्येक स्वतःच्या मोटारींनी, माळेगावच्या यात्रेला बैलगाड्यांची रांग लागावी तशी रांग लावून, इंग्लंड, फ्रान्स, स्पेन पालथे घालत. त्यातले बरेच कामगार वस्तीतले, पहिल्यांदाच देशाबाहेर पडणारे. आणि एक बाब सहसा सांगितली जात नाही. ब्रिटनलाही तेव्हा परकीय चलनाची चणचण होती. विल्सन सरकारनं 1966 च्या नोव्हेंबरपासून परदेशी सहलीला माणशी फक्त 50 पौंडांची मर्यादा घातली होती. म्हणजे सेल्टिकचे चाहतेही मोजक्याच पैशांत गेले, तंबूत आणि गाडीत झोपून. त्यांना 50 पौंडांत लिस्बन गाठता आलं, कारण इंग्लिश खाडी ओलांडली की सलग रस्ता होता आणि व्हिसाची कटकट नव्हती. आपल्याला 8 डॉलरमध्ये ते जमलं नसतं. सेल्टिकनं सामना 2-1 नं जिंकला. त्या संघातले सगळे खेळाडू ग्लासगोच्या 30 मैलांच्या परिघात जन्मलेले होते, म्हणून मैदानातले आणि मैदानाबाहेरचे एकाच मोहल्ल्याचे.

दहा वर्षांनी, 25 मे 1977 ला, त्याच कपच्या अंतिम सामन्यासाठी इंग्लंडच्या लिव्हरपूल संघाच्या मागं 25 हजारांच्या आसपास लोक रोमला गेले, बरेचसे खास रेल्वेगाड्यांनी. परदेशी सामन्याला जाणं ही आता कामगार वर्गाची रीत झाली होती.

त्याच रीतीनं पुढं रक्त पाहिलं. 29 मे 1985, ब्रुसेल्सचं हेसेल स्टेडियम, लिव्हरपूल विरुद्ध युव्हेंटस. स्टेडियम जुनं, भिंती खचलेल्या. तटस्थ प्रेक्षकांसाठी राखलेल्या भागाची तिकिटं मोठ्या संख्येनं इटालियन लोकांच्या हाती गेली होती आणि शेजारी इंग्रज होते, मध्ये नुसती जाळी. लिव्हरपूलच्या बाजूनं धावून जाणं झालं, लोक भिंतीकडं दाबले गेले, भिंत कोसळली. 39 माणसं मेली, त्यातली बहुतेक इटलीची. इंग्लिश क्लबांवर युरोपात 5 वर्षांची बंदी आली, लिव्हरपूलवर आणखी एक वर्ष. पाहुण्यांचा वेगळा कोपरा, वेगळी फाटकं, वेगळे रस्ते, सामन्यानंतर तासभर आत अडकवून ठेवणं, हे सगळं त्याआधीही थोडंबहुत होतं. हेसेलनंतर ते पक्कं झालं.

बरोबर 16 दिवसांनी, 14 जून 1985 ला, लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावाजवळ पाच देशांनी सरहद्दीवरची तपासणी हटवण्याच्या करारावर सह्या केल्या. एकीकडं सरहद्दी मोकळ्या होत होत्या, दुसरीकडं चाहत्यासाठी त्या बंद होत होत्या. इंग्लंडनं 1989 चा कायदा करून दंगेखोरांना परदेशी सामन्यांपासून रोखायची सोय केली आणि युरो 2000 या युरोपातल्या देशांच्या स्पर्धेतल्या हाणामारीनंतर 2000 च्या कायद्यानं त्यांचं पारपत्र जमा करून घ्यायला सुरुवात केली. दंगलखोरांना रोखायलाच हवं, त्यात शंका नाही. पण त्यातून प्रत्येक प्रवासी चाहता संशयित, ही नजर तयार झाली आणि ती अजून गेलेली नाही. 28 मे 2022 ला पॅरिसच्या अंतिम सामन्याला लिव्हरपूलचे लोक तिकिटं हातात घेऊन तासन् तास फाटकाबाहेर चेंगरले गेले, त्यांच्यावर अश्रुधूर सोडला गेला. आधी दोष त्यांनाच दिला गेला. पुढं स्वतंत्र चौकशीनं मुख्य जबाबदारी युएफावर, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघावर ठेवली.

1990 च्या दशकात युरोपातलं विमान वाहतुकीचं बंधन सुटलं, स्वस्त विमानं आली आणि कोपरा पुन्हा भरला. किती भरला, ते 14 एप्रिल 2022 ला बार्सिलोनात दिसलं. फ्रँकफर्टच्या वाट्याला 5 हजार तिकिटं होती. मैदानात सुमारे 30 हजार जर्मन बसले होते, कारण यजमानांच्या वाट्याची तिकिटं हातोहात त्यांच्याकडं गेली होती. फ्रँकफर्टनं सामना 3-2 नं जिंकला आणि महिन्याभरानं युरोपा लीगही.

इथं मराठवाड्यातल्या चाहत्यानं एक गोष्ट समजून घ्यावी. पाहुण्यांच्या कोपऱ्यातलं तिकीट महाग नसतं. प्रीमियर लीगनं 2016 पासून ते 30 पौंडांवर गोठवलं आहे, युएफाच्या स्पर्धांतही कमाल दर ठरलेले आहेत. पण जागा मोजक्या, युएफाच्या नियमानं क्षमतेच्या निदान 5 टक्के. त्या बहुतेक क्लब आधीच्या हजेरीवर वाटतात: जो आजवर जास्त सामन्यांना गेला, त्याचा नंबर आधी. वर्षानुवर्षं पावसात उभं राहिलेल्या माणसाला तो मान मिळतो, आणि मला ते न्याय्य वाटतं. जालन्याहून गेलेल्या माणसाला क्लबच्या स्वतःच्या मैदानात बसता येईल, सहलीच्या पॅकेजमध्ये तिकीटही मिळेल, पण त्या कोपऱ्यात जायचा मार्ग पैशातून जात नाही.

आपला कोपरा आखातात आहे. हे अलीकडं घडलं, आणि त्याची कारणंही घरगुती आहेत. 2004 मध्ये रिझर्व्ह बँकेनं उदारीकृत योजनेत माणशी वर्षाला 25 हजार डॉलर बाहेर नेण्याची मुभा दिली, आज ती अडीच लाख डॉलर आहे. पारपत्रासाठी पूर्वी मुंबई, पुणे किंवा नागपूर गाठावं लागे. 2017 पासून पोस्टातली केंद्रं निघाली. मीटरगेज गेला. नांदेड-लातूरकडच्या माणसाला हैदराबादचं शमशाबाद विमानतळ जवळ पडतं आणि तिथून दोहा चार तासांच्या आसपास. शिवाय आखातात आधीच कामाला गेलेली माणसं आहेत, भाऊ, मेहुणे, गावातले मित्र. राहायची सोय तिथं होते.

म्हणूनच परदेशी सामन्यांत भारत आता जकार्तासारखा एकटा नसतो. 5 नोव्हेंबर 2016 ला दोह्यात बंगळूरू एफसी आशियाई क्लबांच्या एएफसी चषकाचा अंतिम सामना खेळली, हरली, पण तिच्या बाजूनं ओरडणारे होते. 2017 मध्ये राष्ट्रीय संघासाठी ब्लू पिलग्रिम्स हा चाहत्यांचा गट उभा राहिला. जानेवारी 2019 मध्ये आशियाई चषकात अबू धाबीत थायलंडवर 4-1 असा विजय मिळाला. एप्रिल 2022 मध्ये मुंबई सिटीनं रियाधमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला 2-1 नं हरवलं. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात भारतीय क्लबचा तो पहिला विजय. जानेवारी 2024 मध्ये कतारमधल्या आशियाई चषकात ऑस्ट्रेलियाविरुद्ध 35 हजारांवर प्रेक्षक होते आणि स्टँडमध्ये निळा रंग उठून दिसत होता. भारत तिन्ही सामने हरला, एकही गोल झाला नाही. तरी गर्दी दर सामन्याला वाढत गेली. युरोपातल्या जुन्या चाहत्यांना हे ओळखीचं वाटेल: संघ हरत असताना जाणारेच खरे त्या कोपऱ्याचे मालक असतात.

सगळे अडसर मात्र सुटलेले नाहीत. ऑक्टोबर 2024 मध्ये युद्धाच्या सावटामुळं मोहन बागान इराणच्या तबरीझला गेलाच नाही आणि आशियाई महासंघानं त्यांना स्पर्धेतून बाहेर धरलं. इंग्लंड किंवा युरोपचा व्हिसा हवा तर बोटांचे ठसे द्यायला मुंबई-पुण्याची फेरी अजून चुकत नाही, आणि बँकेतली शिल्लक, शेतीचं उत्पन्न कागदावर कसं दाखवायचं हा प्रश्न शेतकऱ्याच्या पोराला पडतोच.

पुढचा आशियाई चषक जानेवारी 2027 मध्ये सौदी अरेबियात आहे. पैसा, पारपत्र, विमान, राहायला ओळखीचं घर, हे सगळं आजवर कधी नव्हतं इतकं आवाक्यात असताना भारत तिथं नसेल. 14 ऑक्टोबर 2025 ला गोव्यातल्या फातोर्ड्यात सिंगापूरनं आपल्याला आपल्याच मैदानावर 2-1 नं हरवलं आणि पात्रतेची आशा संपली.