रूट ६६

अमेरिकेतील एक जुना महामार्ग. शिकागोपासून पॅसिफिक किनाऱ्यावरच्या सँटा मोनिकापर्यंत आठ राज्यांतून जाणारा. लांबी सुमारे ३,९४० किमी. त्याला ११ नोव्हेंबर १९२६ रोजी क्रमांक मिळाला आणि २७ जून १९८५ रोजी तो काढून घेण्यात आला. म्हणजे कागदोपत्री हा रस्ता आता नाही. तरी प्रवासी त्यावरून जातातच.

हा मार्ग नव्याने आखलेला नव्हता. ओक्लाहोमा राज्यातील टल्सा शहराच्या सायरस एव्हरी यांच्या पुढाकाराने गावोगावचे आधीचेच रस्ते सांधून तो बनला, त्यामुळे तो भर बाजारपेठेतून जाई. १९३०च्या दशकात धुळीची वादळे आणि मंदी यांनी देशोधडीला लागलेली शेतकरी कुटुंबे याच वाटेने कॅलिफोर्नियाला गेली. युद्धानंतर सुट्टीवर निघालेली कुटुंबे आली आणि पेट्रोलपंप, खानावळी, मोटेले यांवर गावे पोसली गेली. ॲरिझोनातील होलब्रुकचे ‘विग्वॅम’ मोटेल त्याच काळातले. विग्वॅम म्हणजे अमेरिकेच्या मूलनिवासींची घुमटाकार झोपडी. काँक्रीटच्या त्या खोल्यांचा आकार मात्र शंकूसारख्या टिपी तंबूचा. या सुखाच्या आठवणी मुख्यतः गोऱ्यांच्या. कृष्णवर्णीय प्रवाशांना अनेक गावांत खोली नाकारली जाई. म्हणूनच ओक्लाहोमातील लूथरजवळच्या थ्रेट या कृष्णवर्णीय कुटुंबाच्या पंपाचे मोल मोठे.

१९५६च्या कायद्याने आंतरराज्य द्रुतमार्ग आले आणि त्यांनी गावांना वळसा घातला. टेक्सासच्या सीमेवरचे ग्लेनरिओ जवळजवळ ओस पडले. ॲरिझोनातील सेलिगमनवरून जाणारी वाहने २२ सप्टेंबर १९७८ रोजी नव्या मार्गाकडे वळली. तिथले न्हावी एंजल डेल्गाडिलो यांनी मात्र १९८७ मध्ये गावकऱ्यांना गोळा करून संघटना उभारली, आणि राज्याला जुन्या रस्त्याला ‘ऐतिहासिक’ दर्जा द्यायला लावले. आजच्या पर्यटनाचे मूळ बरेचसे त्यांच्या दुकानात आहे.

आज हा रस्ता तुकड्यातुकड्यांनी शोधावा लागतो. कुठे तो द्रुतमार्गाखाली गाडला गेला आहे, कुठे त्याला समांतर धावतो, तर कुठे कुरणात जाऊन संपतो. कॅन्सासमधला भाग जेमतेम २१ किमीचा. मुक्कामाला जुने मोटेल निवडले, तर काउंटरवर गुजराती बोलणारे पटेल भेटण्याची बरीच शक्यता असते. सर्वांत अवघड टप्पा ॲरिझोनातील ओटमन या जुन्या खाणगावाच्या घाटाचा. १९५०च्या दशकाच्या प्रारंभी वाहतूक तिथून हलवली गेली. सोन्याच्या खाणी तर त्याआधीच थंडावल्या होत्या. खाणकामगारांनी सोडून दिलेल्या गाढवांचे वंशज तिथे अजूनही भर रस्त्यात आडवे उभे राहतात आणि खाऊ मिळेपर्यंत मोटारींना वाट देत नाहीत.