समेट मोजायचा की सुरक्षितता? घरगुती भांडणांवरच्या संशोधनाची पार्श्वभूमी

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका जोडप्याच्या वादात निकाल देताना अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या २०२२ च्या गाइडलाइन्स उचलून धरल्या, आणि ४९८अ ची (नवऱ्याने किंवा सासरच्यांनी बाईचा छळ केल्याची) तक्रार आली की दोन महिने थांबायचं, तोवर अटक नाही, प्रकरण आधी जिल्ह्याच्या कुटुंब कल्याण समितीकडे, ही पद्धत परत चर्चेत आली. परत म्हणायचं कारण असं की जवळपास हीच गोष्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच देशभर लागू केली होती आणि २०१८ मध्ये त्यानेच ती काढून टाकली होती. टीव्हीवर चर्चा झाली ती 'बायका कायद्याचा गैरवापर करतात का' या एकाच प्रश्नावर. पण घरातला त्रास, समेट, समुपदेशन यांवर आपल्या महाराष्ट्रातच चाळीसएक वर्षं प्रत्यक्ष काम करता करता झालेला अभ्यास आहे, तो त्या चर्चेत कुठेच आला नाही. म्हणून हे लिहितोय.

एकोणिसाव्या शतकातली सुधारकांची कामं सगळ्यांनी शाळेत वाचलेली आहेत, ती सोडून देतो. १९७४ च्या स्त्रियांच्या स्थितीवरच्या सरकारी अहवालाने बरंच ढवळून काढलं, पण घराच्या आत काय चालतं हा प्रश्न खऱ्या अर्थाने रस्त्यावर आला तो ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, हुंडाबळींवरून पुण्या-मुंबईत मोर्चे निघाले तेव्हा. १९८३ मध्ये ४९८अ आलं. कायदा आला तरी चौकीत तक्रार घेऊन गेलेल्या बाईला विचारलं जायचं ते हेच, 'नांदायचंय ना? मग कशाला केस करतेस.'

१९८४ मध्ये मुंबईतल्या एका समाजकार्य शिकवणाऱ्या संस्थेने थेट पोलिस आयुक्तालयातच एक कक्ष उघडला, आणि मला वाटतं या विषयातली सगळ्यात महत्त्वाची कल्पना तीच होती. पोलिसांच्या आवारात बसायचं पण आपण पोलिस नाही, बाईचं ऐकायचं, तिला काय हवंय ते तिच्याच तोंडून काढायचं, मग लागेल तसं पोलिसांशी, सासरच्यांशी, वकिलाशी बोलायचं, आणि हे करताना प्रत्येक केसची नीट नोंद ठेवायची. ती नोंद हाच अभ्यासाचा कच्चा माल. कोण कधी येतं, किती वर्षं सहन करून येतं, काय मागतं, हे त्यातून दिसायला लागलं. येणाऱ्या बऱ्याच जणींना नवऱ्याला जेलमध्ये टाकायचं नसतं, मार थांबायला हवा असतो, स्त्रीधन परत हवं असतं, पोरांचा खर्च हवा असतो, राहायला छप्पर हवं असतं. फौजदारी कलमात यातलं काहीच नव्हतं. २००५ मध्ये राज्य सरकारने हे कक्ष स्वतःच्या खात्याखाली घेतले आणि ते जिल्ह्याजिल्ह्यांत गेले, पुढे दुसऱ्या राज्यांनीही तेच मॉडेल घेतलं.

त्याच १९८४ साली कुटुंब न्यायालयांचा कायदा झाला, आपल्याकडे पुणे आणि मुंबईत ही कोर्टं १९८९ ला सुरू झाली. या कायद्याच्या पहिल्याच वाक्यात समेटाला उत्तेजन देणं हा हेतू लिहिलेला आहे. महाराष्ट्रात कोर्टातच विवाह समुपदेशक असतात, त्यांच्यापुढे बोललेलं गोपनीय राहतं. चांगली सोय आहे, हजारो लोकांना तिचा फायदा झालाय. पण समेट हे कोर्टाचं ध्येय म्हणून आधीच ठरलं की समुपदेशकाने काय शोधायचं तेही थोडंफार ठरून जातं. इथे जी गाठ बसली ती आजतागायत सुटलेली नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आकडे यायला लागले. देशभरातल्या कुटुंब आरोग्य पाहणीत १९९८-९९ ला पहिल्यांदा बायकांना मारहाणीबद्दल विचारलं, प्रश्न ढोबळ होता, आणि पंधरा वर्षं वयानंतर कधीतरी मार खाल्लाय असं सांगणाऱ्या साधारण २१ टक्के निघाल्या. २००५-०६ च्या फेरीत पद्धत बदलली. 'तुमच्यावर हिंसा झाली का' असं मोघम न विचारता थोबाडीत मारली का, ढकललं का, हात पिरगाळला का, असं एकेक विचारायचं, घरातल्या एकाच बाईला विचारायचं आणि खोलीत दुसरं कोणी असेल तर विचारायचंच नाही. लग्न झालेल्या बायकांमध्ये नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्यांचं प्रमाण ३७ टक्के आलं. दोन्ही आकड्यांची व्याख्या वेगळी आहे, त्यामुळे सात वर्षांत मारहाण वाढली असा अर्थ अजिबात काढू नका, पण नीट विचारलं की बायका सांगतात एवढं नक्की कळलं. नंतरच्या दोन फेऱ्यांत हे प्रमाण ३१ आणि २९ टक्क्यांवर आलं. मला मात्र या पाहणीतला एक वेगळाच आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. २०१९-२१ च्या फेरीत हिंसा सोसलेल्या बायकांपैकी कुठेतरी मदत मागितलेल्या फक्त १४ टक्के होत्या, आणि ७७ टक्क्यांनी मदतही मागितली नव्हती आणि कुणाला सांगितलंही नव्हतं.

ज्या सांगत नाहीत त्यांच्यापर्यंत कसं पोचायचं, यावर २००० साली बांद्र्याच्या एका महापालिका रुग्णालयात काम सुरू झालं. आरोग्यावर संशोधन करणारी एक संस्था आणि महापालिका यांनी मिळून केलेलं. बाई चौकीत जात नाही पण दवाखान्यात येते, कधी 'पाय घसरून पडले' म्हणून, कधी औषध पिऊन, कधी भाजून, कधी नुसतीच डोकेदुखी-अंगदुखी घेऊन दर पंधरा दिवसांनी. केसपेपरवर तेवढंच लिहिलं जातं आणि गोळ्या देऊन घरी. तिथल्याच डॉक्टर-नर्सना शिकवलं की पुढचा प्रश्न कसा विचारायचा, कुणासमोर विचारायचा नाही, काय लिहून ठेवायचं, आणि रुग्णालयातच एक खोली दिली जिथे बाई बसून बोलू शकेल. पुढे मुंबईतल्या इतर पालिका रुग्णालयांत हे गेलं, आणि नंतर मिरज, सांगली आणि औरंगाबादच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) सरकारी रुग्णालयांत असं प्रशिक्षण दिल्यावर कर्मचाऱ्यांच्या वागण्यात फरक पडतो का हे पद्धतशीर तपासलं गेलं. फरक पडतो. एखादी गोष्ट करायची, ती चालते का बघायचं, सुधारायची, मग दुसऱ्या ठिकाणी न्यायची, घरच्या माणसांच्या कामाला येणारं संशोधन म्हणजे माझ्या मते हेच.

२००५ चा घरगुती हिंसेचा कायदा या सगळ्या अनुभवातून आला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. घरात राहण्याचा हक्क, पोटगी, मुलांचा ताबा, संरक्षणाचा आदेश, म्हणजे नोंदींमध्ये बायका जे मागत होत्या तेच त्यात आलं. समुपदेशनाबद्दलचे त्याचे २००६ चे नियम तर मुद्दाम वाचण्यासारखे आहेत आणि फार कमी लोक ते वाचतात. समुपदेशक दोन्ही बाजूंपैकी कुणाचा नातेवाईक नको. मारहाण करणाऱ्याला समुपदेशनात 'तिने असं केलं म्हणून मी मारलं' असं समर्थन करायची परवानगी नाही आणि हे त्याला आधी सांगायचं. पुन्हा हिंसा करणार नाही याची हमी आधी घ्यायची. आणि तडजोडीचा प्रयत्न करायचा तो बाईची इच्छा असेल तरच. चौकीत, कक्षांत, कोर्टात वीसेक वर्षं जे कळलं ते कुणीतरी नियमात नीट उतरवलं.

पण त्याच्या पुढच्याच वर्षी, १५ ऑगस्ट २००७ पासून, राज्यात तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. मोहिमेने गावातली बरीच जुनी भांडणं मिटली, बांधावरून पिढ्यानपिढ्या चाललेले वाद संपले, ते कुणी नाकारत नाही. पण मिटवलेल्या तंट्यांचे मार्क आणि त्यावर गावाला बक्षीस, असा हिशोब होता. बांधाच्या वादाला तो ठीक. नवराबायकोचं प्रकरण गावच्या तंटामुक्ती समितीसमोर आलं की समितीत बसलेले लोक गावातलेच, बऱ्याचदा भावकीतले, आणि त्यांच्यापुढे बाईने काय बोलायचं? 'मिटलं' एवढी नोंद झाली की सगळे मोकळे.

आता २०१४ पासूनची गोष्ट, कारण वाद खरा तिथे आहे. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ४९८अ मध्ये सरसकट अटक करू नका असं सांगितलं आणि सोबत २०१२ चे आकडे दिले, १,९७,७६२ जणांना अटक, त्यात ४७,९५१ बायका, आरोपपत्रं ९३.६ टक्के प्रकरणांत आणि शिक्षा जेमतेम १५ टक्के. सत्तेचाळीस हजार सासवा-नणंदांना एका वर्षात अटक होणं ही लहान गोष्ट नाही, अटकेआधी विचार करा हे म्हणणं मला बरोबरच वाटतं. पण १५ टक्क्यांचा अर्थ लोकांनी लावला की उरलेल्या ८५ टक्के तक्रारी खोट्या. २०१७ च्या निकालाचा रोख तोच होता. दर जिल्ह्यात तीन जणांची कुटुंब कल्याण समिती, त्यात पॅरालीगल (कायद्याचं जुजबी प्रशिक्षण घेतलेले) स्वयंसेवक, समाजसेवक, निवृत्त लोक, नोकरीत असलेल्या अधिकाऱ्यांच्या बायका (हे निकालातच लिहिलेलं आहे), त्यांनी महिन्यात रिपोर्ट द्यायचा आणि तोवर शक्यतो अटक नाही. १४ सप्टेंबर २०१८ ला मोठ्या खंडपीठाने सांगितलं की कायद्यात नसलेली अशी समिती कोर्टाला उभी करता येत नाही.

त्या १५ टक्क्यांच्या आत काय आहे ते बघायला हवं. शिक्षेचं प्रमाण काढतात ते सुनावणी पूर्ण झालेल्या केसेसमधून. हा गुन्हा कागदोपत्री तडजोडीला मोकळा नाही, म्हणून दोघांचं बाहेर मिटलं की एक तर उच्च न्यायालयात जाऊन केस रद्द करून घ्यायची, त्याला २००३ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा आधार आहे, नाहीतर कोर्टात बाईने 'मला आठवत नाही' किंवा 'गैरसमजातून तक्रार केली' म्हणायचं आणि आरोपी सुटायचे. म्हणजे पोरं, आईवडील, पैसे, समाज या सगळ्याच्या दडपणाखाली किंवा खरंच मनापासून, जो समेट झाला तो आकड्यात 'शिक्षा नाही' म्हणून उतरतो. मग तोच आकडा दाखवून म्हणायचं की तक्रारी खोट्या आहेत, म्हणून आधी समेट करायला पाठवा. त्यातून आणखी समेट, आणि शिक्षेचं प्रमाण आणखी खाली. या चक्रात खोट्या तक्रारी किती हे कळतच नाही, त्या असतातच, पण या आकड्यातून त्यांची संख्या निघत नाही. खोटी तक्रार मोजायची असेल तर तपास नीट करून मोजावी लागेल.

२०२२ च्या गाइडलाइन्स मला म्हणूनच खटकतात. समितीत नवखा वकील किंवा कायद्याच्या पाचव्या वर्षाचा विद्यार्थी, समाजसेवक, निवृत्त न्यायाधीश, वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या शिकलेल्या बायका, आणि दोन्हीकडची चार-चार वडीलधारी माणसं घेऊन बैठक. हे २००६ च्या नियमांशेजारी ठेवून वाचा. तिथे नातेवाईक नको म्हटलंय, इथे आठ वडीलधारी समोर बसवलेत. तिथे हिंसा करणार नाही ही हमी आधी, इथे पहिले दोन महिने आरोपीला अटकेपासून सूट. तिथे तडजोड बाईच्या इच्छेने, इथे प्रकरण आपोआप समितीकडे जातं. वडीलधाऱ्यांचं ऐकून संसार सावरलेले आहेत हे खरं, पण ज्या घरात मार आहे तिथली वडीलधारी माणसं ते आधीपासून बघत आलेली असतात, आणि बाई चौकीपर्यंत येते ती बहुतेक वेळा त्यांच्याकडे दाद मागून झाल्यावरच.

या गाइडलाइन्स उत्तर प्रदेशातल्या, पण सर्वोच्च न्यायालयाचा शिक्का बसल्यावर इतर राज्यांतही त्यांचा आधार घेतला जाणार. इथेही १ जुलै २०२४ पासून ४९८अ च्या जागी नवीन भारतीय न्याय संहितेतली ८५ आणि ८६ ही कलमं आहेत, आणि तीन वर्षं किंवा जास्त पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत गुन्हा नोंदवण्याआधी चौदा दिवस प्राथमिक चौकशी करायची मुभा नव्या कायद्यात पोलिसांना मिळालीय. त्यामुळे तक्रार आणि एफआयआर यांच्यामधला काळ आता आणखी महत्त्वाचा झालाय, आणि त्या काळात बाई कुठे राहते, तिच्याशी कोण बोलतं, यावर सगळं ठरतं.

गुन्ह्यांच्या वार्षिक सरकारी तक्त्यांत अटक, आरोपपत्र, शिक्षा, प्रलंबित हे रकाने आहेत. समेट करून परत नांदायला गेलेल्या बाईला सहा महिन्यांनी, दोन वर्षांनी परत मार बसला का, पोरं शाळेत जातात का, नवऱ्याची दारू सुटली का, सासू-सुनेचं बोलणं सुरू झालं का, याचा रकाना त्यात नाही. कक्षात आणि कुटुंब न्यायालयात काम करणाऱ्या समुपदेशकांकडे पत्ते असतात, फोन नंबर असतात, बऱ्याचदा त्या बायकांचा विश्वासही असतो. बाईची परवानगी घेऊन, तिला धोका होणार नाही अशा वेळी, ठरावीक महिन्यांनी विचारपूस करायची आणि ती लिहून ठेवायची, एवढं काम त्यांच्या कामाचाच भाग म्हणून धरलं, त्यासाठी माणसं आणि पगार दिला, तर कुठल्या प्रकारचा समेट टिकतो आणि कुठला बाईला परत मार खायला पाठवतो हे पाच वर्षांत आपल्याला बरंच कळेल. समिती हवी की नको हा वाद मग त्या माहितीवर घालता येईल.