शास्त्रबोध (ख्रिस्ती मंडळीतील)

पवित्र शास्त्रातला उतारा मोठ्याने वाचून, त्याचा अर्थ उलगडून तो घर, धंदा, आजारपण, शेजार यांच्याशी जोडण्याची रीत. बोलताना हिला ‘वचनातून बोध घेणे’ किंवा ‘वचन लागू करणे’ म्हणतात. रविवारच्या उपासनेतला उपदेश हे तिचे एक रूप. आठवड्यात घरोघरी भरणारी प्रार्थनासभा (जुनी माणसे हिला अजून कॉटेज मीटिंग म्हणतात) हे दुसरे. या नोंदीत मुख्यतः दुसऱ्या रूपाचा विचार केला असून इंदूरची मराठीभाषक कुटुंबे समोर ठेवली आहेत.

उगम : या रीतीचे सर्वांत जुने सविस्तर वर्णन जुन्या करारातील नहेम्याच्या पुस्तकात, आठव्या अध्यायात आढळते. सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी यरुशलेमच्या पाणीवेशीसमोर एज्रा या याजक-शास्त्र्याने पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचले आणि लेव्यांनी (मंदिरसेवेच्या वंशातील लोकांनी) लोकांना अर्थ सांगितला. प्रसंगाचा काळ वादग्रस्त आहे. एज्राचे आगमन परंपरेने इ. स. पू. ४५८ मध्ये धरतात. काही अभ्यासक ते इ. स. पू. ३९८ पर्यंत खाली आणतात. हे प्रकरण मुळात एज्राच्या आठवणींचा भाग असून नंतर नहेम्याच्या पुस्तकात आले, असेही मत आहे. आठव्या वचनातला ‘मेफोराश’ हा हिब्रू शब्द त्याहून अवघड. त्याचा अर्थ ‘स्पष्ट उच्चाराने’, ‘खंड पाडून’ किंवा ‘भाषांतर करून’ असा तिन्ही प्रकारे केला जातो. तालमूद या यहुदी धर्मग्रंथात (मगिल्ला ३अ) तो अरामी भाषांतराला, म्हणजे तर्गूमला लावला आहे. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्यांच्या घरात अरामी रुळली होती, हे ध्यानात घेता या अर्थाला बळ मिळते. मात्र त्या एका शब्दावर तर्गूमची सगळी परंपरा उभी करणे धाडसाचे ठरेल. वाद कसाही सुटो, त्या दिवशीचा बोध अगदी ठोस होता. ऐकून रडू लागलेल्या लोकांना सांगण्यात आले, की घरी जा, जेवा आणि ज्यांच्या घरी काही शिजले नाही त्यांच्याकडे वाटे पाठवा (८:१०).

ख्रिस्ती मंडळीत ही रीत यहुद्यांच्या सभास्थानातून आली. सुमारे इ. स. १५५ च्या आसपास जस्टिन मार्टर हा ख्रिस्ती लेखक लिहितो, की रविवारी प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तोवर वाचतात आणि मग अध्यक्ष त्यांचे अनुकरण करण्याचा बोध करतो. बाराव्या शतकात दुसरा गिगो या मठवासी संन्याशाने वाचन, मनन, प्रार्थना व ध्यान अशा चार पायऱ्या मांडल्या. त्या मठातल्या एकांतासाठी होत्या. कुटुंबाच्या बैठकीत पहिल्या तीनच टिकतात.

मराठीत : फादर स्टीफन्सचे ओवीबद्ध पुराण १६१६ मध्ये छापले गेले. बंगालमधल्या श्रीरामपूरहून (सेरामपूर) मिशनरी विल्यम कॅरीचा मराठी नवा करार १८११ मध्ये निघाला. पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) केडगावी मूळ भाषांवरून बायबलचे भाषांतर केले, त्यामागे खेड्यातल्या बाईला वाचताक्षणी कळावे हीच तळमळ होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगरकडे ख्रिस्ती कीर्तन रुजले. पूर्वरंगात वचन आणि उत्तररंगात आख्यान हा कीर्तनाचा साचा शास्त्रबोधाला फार सोयीचा पडला.

इंदूर : कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने १८७७ मध्ये इंदूर-महू भागात काम सुरू केले आणि १८८७ मध्ये इंदूर ख्रिश्चन कॉलेज निघाले. उत्तर भारतातील अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियात एकवटल्या. मिशनचे काम प्रामुख्याने हिंदीतून वाढले. त्यामुळे देवळात (चर्चमध्ये) हिंदी वाचन आणि घरी मराठी प्रार्थना, अशी दोन भाषांची सवय अनेक मराठी कुटुंबांना असते. ही अडचण समजली जाते; प्रस्तुत लेखकाच्या मते ती मोठी देणगी आहे. दोन भाषांतरे शेजारी ठेवली, की जिथे शब्द जुळत नाही तिथे वाचणारा आपोआप थांबतो, आणि बोध थांबल्याशिवाय सापडत नाही. स्तोत्र २३ मराठीत ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ असे सुरू होते, तर प्रचलित हिंदीत ‘यहोवा मेरा चरवाहा है’. मेंढपाळ मेंढ्यांचाच, चरवाहा गाई-म्हशीही चारतो. माळव्यात गुरे राखणारा माणूस कसा चालतो, हे ठाऊक असलेली आजी या एका फरकावर दहा मिनिटे बोलू शकते.

पद्धत : बैठकीला आठ ते बारा माणसे बरी. पंधराच्या वर गेली, की सुना आणि मुले गप्प होतात. उतारा आठ ते बारा वचनांचा घ्यावा. पूर्ण अध्याय घेतल्यास अर्थ सांगण्यातच वेळ संपतो. तो दोनदा वाचावा, एकदा मराठीत, एकदा हिंदीत, आणि वाचणारे वेगवेगळे असावेत. मग दोन मिनिटे शांतता. त्यानंतर तीन प्रश्न याच क्रमाने घ्यावेत : हे मुळात कोणाला सांगितले? त्यांनी काय ऐकले असेल? या आठवड्यात ते आपल्याकडे काय मागते? क्रम उलटला, की प्रत्येक जण आपले आधीचेच मत वचनाच्या तोंडी घालतो. पुढाऱ्याने एकूण दहा मिनिटांहून जास्त बोलू नये. शेवटचे उत्तर पुढच्या बैठकीआधी करता येईल इतके लहान हवे. ‘गरजूंना मदत करू’ हा ठराव हवेत विरतो. ‘बुधवारी शेजारच्या काकूंना दवाखान्यात नेऊ’ हा पार पडतो.

शब्द आणि मापे : सर्वाधिक घोटाळा ओळखीच्या शब्दांत होतो. ‘आमची रोजची भाकर आज आम्हाला दे’ (मत्तय ६:११) यातील ‘रोजची’ यासाठी ग्रीकमध्ये ‘एपिऊसिओस’ हा शब्द आहे. नव्या करारात तो या प्रार्थनेतच, मत्तय व लूक या दोन ठिकाणी येतो. शुभवर्तमानकारांनी तो नव्याने घडवला असावा, असे प्राचीन ख्रिस्ती पंडित ओरिजेन याचे मत होते. ‘ऊसिया’ (अस्तित्व) या शब्दावरून व्युत्पत्ती केल्यास ‘जगायला लागणारी’ आणि ‘येणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून केल्यास ‘येणाऱ्या दिवसाची’ असा अर्थ निघतो. लॅटिन बायबलचा भाषांतरकार जेरोम याने मत्तयात एक लॅटिन शब्द वापरला, लूकमध्ये दुसरा. आणि इब्री लोकांच्या शुभवर्तमानात (बायबलबाहेरच्या एका जुन्या ग्रंथात) ‘महार’, म्हणजे ‘उद्याची’, असा पाठ असल्याचे नोंदवले. निर्गम १६ मधल्या मान्न्याशी, म्हणजे रानात इस्राएलांना रोज मिळणाऱ्या अन्नाशी, पहिली व्युत्पत्ती अधिक जुळते : माणशी एक ओमर, म्हणजे अंदाजे दोन लिटर, सहाव्या दिवशी दुप्पट, रातभर साठवलेल्यात किडे. बैठकीत हा फरक थेट पैशाशी भिडतो. सकाळी चौकात कामाची वाट पाहणाऱ्या मजुराला ‘उद्याची भाकर’ म्हणजे रात्री झोप लागणे. पगारदाराला तीच ओळ विचारते, की ‘आम्हाला’ या शब्दात त्याच्या घराबाहेरचे कोण कोण धरले आहे.

दुसरे उदाहरण खमिराचे (मत्तय १३:३३). इंदुरात खमीर म्हटले की पोह्यांसोबतची जिलबी आठवते : मैद्याचे रात्रभर आंबवलेले घोळ, उन्हाळ्यात तास-दोन तास जास्त राहिले तर आंबट होणारे. आंबण्याची क्रिया कळायला हे उत्तम. पण माप चुकते. ‘तीन मापे पीठ’ हे विविध हिशेबांनी २२ ते ३९ लिटर भरते. कमीत कमी धरले तरी बारा किलोच्या आसपास पीठ, म्हणजे पोळीला ४० ग्रॅम लावल्यास तीनशे पोळ्या. अब्राहाम पाहुण्यांसाठी सारेला सांगतो तेही तीन मापेच (उत्पत्ती १८:६). ही बाई घरापुरते मळत नाही, गावजेवणाचे मळते आहे. हे कळल्यावर ‘छोट्या गोष्टींचे महत्त्व’ हा नेहमीचा बोध तोकडा वाटू लागतो. खमीर सर्वत्र चांगल्याच अर्थाने येते असेही नाही. मत्तय १६:६ व १ करिंथ ५:६–८ येथे ते टाळायचे आहे.

चुका : पहिली, सुटे वचन उचलणे. यिर्मया २९:११ (‘ते संकल्प हिताचे आहेत’) कॅलेंडरवर छापतात, नोकरीच्या मुलाखतीआधी म्हणतात. आदल्याच वचनात सत्तर वर्षांची मुदत आहे आणि त्याआधी घरे बांधा, बागा लावा, त्या परक्या नगराचे हित पाहा, अशी आज्ञा. पिढ्यांमागे दक्षिणेतून येऊन इंदूरकर झालेल्या कुटुंबांना हाच भाग अधिक जवळचा असायला हवा. दुसरी, उपस्थित किंवा अनुपस्थित घराचे भांडण नाव न घेता उदाहरणात आणणे. दहा माणसांत सगळ्यांना कळते, आणि ते घर पुन्हा दार उघडत नाही. तिसरी सर्वांत घातक : आजाराचे कारण पापात शोधणे. योहान ९:३ मध्ये येशूने ते साफ नाकारले आहे, आणि १ तीमथ्य ५:२३ मध्ये पौल पोटासाठी उपाय सांगतो. प्रार्थना झाली म्हणून इन्सुलिन किंवा रक्तदाबाची गोळी बंद करायला सांगणाऱ्याला बैठकीतच थांबवावे.

इतरत्र : बडोद्यात हिंदीच्या जागी गुजराती येते. तिथल्या स्तोत्र २३ मध्ये मेंढपाळासाठी ‘पाळक’ हा शब्द आहे, आणि मराठी मंडळीत पाळक म्हणजे पास्टर. मराठी मुलाने ती ओळ पहिल्यांदा ऐकली, की ‘परमेश्वर आपला पाळकसाहेब?’ असे तो विचारतो. त्याला लगेच दुरुस्त करण्याऐवजी पाळकाचे काम काय, हेच त्या दिवशी उघडावे.