पिझ्झाची भट्टी आणि पावाची भट्टी

सावंतवाडीला परसात भट्टी बांधायची ठरली तेव्हा मी गवंडीकाकांना एवढंच म्हटलं, "पोदेराकडे असते ना, तशीच करा." पोदेर म्हणजे आमच्याकडचा पाव भाजणारा. काकांची हयात पावाच्या भट्ट्या दुरुस्त करण्यात गेलेली, त्यांनी तशीच बांधून दिली. पहिल्याच रविवारी पिझ्झा आत सरकवला. तळाचा कोळसा झाला आणि वरचं चीज अजून पांढरंच. काकांचं काहीच चुकलं नव्हतं, माझी मागणीच चुकीची होती.

दोन्ही भट्ट्या विटांच्या, घुमटाच्या, लाकडावर चालणाऱ्या. फरक कळायला एकच बघायचं: अन्न आत असताना विस्तव कुठे आहे?

पावाच्या भट्टीत विस्तव आधी येऊन जातो. तीन-चार तास लाकूड जाळून भिंती आणि जमीन तापवायची, मग निखारे ओढून काढायचे किंवा कडेला ढकलायचे, जमीन ओल्या फडक्याने पुसायची आणि पोई, उंडे असे पाव आत सोडून दार लावायचं. पुढचं काम विटांत मुरलेली धग करते. साधारण २२० ते २५० अंशांना सुरुवात होते आणि उष्णता हळूहळू उतरत जाते. पिठातलीच वाफ आत कोंडते, म्हणून पाव फुगेपर्यंत वरची साल मऊ राहते. साठा मोठा हवा, म्हणून भिंती जाड. काकांनी बांधलेल्या भट्टीचा घुमटही उंच.

पिझ्झाला मात्र जाळ सोबत लागतो. विस्तव एका कडेला पेटताच ठेवायचा आणि दार उघडंच, नाहीतर हवेअभावी तो गुदमरतो. इटलीतल्या नापोलीच्या पद्धतीत जमीन ३८० ते ४३० अंश तापते आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत बाहेर येतो. एवढ्या वेळात वरची बाजू भाजायची तर जाळाची जीभ घुमटाला चाटत पिझ्झावरून फिरायला हवी. त्यासाठी घुमट बुटका लागतो, मीटरभर रुंदीला सुमारे ४० ते ४५ सेंटिमीटर. आमचा होता ७० चा! जाळ वरच्या वर राहायचा आणि तासन् तास विस्तव अंगावर घेतलेली जमीन खालून करपवायची.

यंदा घुमट पाडून खाली घेतला. तोंडाची उंची घुमटाच्या आतल्या उंचीच्या ६३ टक्के ठेवली. बांधणाऱ्यांचा हा नेहमीचा ठोकताळा आहे. तोंड फार उंच झालं तर धग बाहेर पळते, फार बुटकं झालं तर धूर तोंडावर येतो. आतून फायर ब्रिक म्हणजे आच सोसणारी वीट, बाहेरून धग अडवणारी सिरॅमिक फायबरची गोधडी. जमिनीखालीही उष्णतारोधक थर हवाच. तो विसरलात तर लाकूड ओट्याचं सिमेंट तापवण्यात जातं. बांधून झाल्यावर आठवडाभर रोज थोडाथोडाच जाळ केला. ओल्या भट्टीत एकदम मोठा विस्तव घातला की वाफ तडे पाडून बाहेर येते.

आता थर्मामीटर क्वचितच काढतो. पेटवल्यावर घुमट आधी काजळीने काळा होतो. तासा-सव्वा तासाने ती काजळी जळून विटा पुन्हा उजळतात, तेव्हा पीठ थापायला घ्यायचं. त्या पिठात साखर नको, एवढ्या धगीत ती आधी करपते. लाकूड वाळलेलं आंब्याचं किंवा बाभळीचं. प्लायवूड आणि रंगवलेल्या फळ्या अजिबात नकोत.

(तंदुराचं विचारतात लोक. त्याचा विस्तव तळाशी आणि रोटी भिंतीला, तो वेगळाच प्रकार.)

एकच भट्टी बांधायची असेल तर मी बुटकीच सांगेन. पिझ्झे झाले की रात्री निखारे काढून दार लावतो. आच्छादन नीट असेल तर सकाळी पाव भाजण्याइतकी धग उरते. उंच भट्टीत पिझ्झा मात्र मला जमला नाही. पाव निघाले, हात घालवेल इतकी भट्टी निवली, की पुढच्या रविवारची लाकडं तिच्यातच रचून ठेवतो. पावसाळ्यात दुसरीकडे कुठे वाळणार?